गार वाऱ्याची नळी

चढ संपता संपता गाडीला धाप लागायची. तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर पार खाली दाबलेला, इंजिनाचा आवाज वाढतोय आणि गाडी मात्र ओढत नाहीये. मागच्यांना पुढे जायची खूण करायची आणि आपण कडेकडेनं चढत राहायचं. वर्षानुवर्षं मी हे वयाचं लक्षण समजून सोडून देत होते. गाडी १९७१ सालची आहे. चार सिलिंडर, दीड लिटरचं इंजिन, त्यावर एकच डाउनड्राफ्ट कार्बोरेटर (वरून खाली जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळून देणारा) आणि कार्बोरेटरच्या डोक्यावर झाकणासारखा बसलेला, काळ्या पत्र्याचा गोल एअर फिल्टर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या काळातल्या कितीतरी गाड्यांच्या बॉनेटखाली हेच दिसतं आणि मी जे सांगणार आहे ते त्या सगळ्यांना लागू पडतं.

एकदा चढ संपल्यावर गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि सहज फिल्टरच्या सोंडेपाशी हात नेला. फिल्टरच्या डब्याला हवा आत घ्यायला पत्र्याचं एक नळकांडं असतं, त्याला मी सोंड म्हणते. हात लगेच मागे घ्यावा लागला. ज्या तोंडानं गाडी श्वास घेत होती, ते तोंड एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे सिलिंडरमधला जळका वायू बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांपासून, वीतभर अंतरावर होतं. मी इतकी वर्षं तिचं ऑइल बदलत होते, प्लग साफ करत होते, पॉइंट्सची फट मोजत होते. ती कुठली हवा घेते हे कधी बघितलंच नव्हतं.

घरी येऊन पहिलं काम केलं ते मोजायचं. वायरच्या टोकाला सेन्सर असलेलं साधं डिजिटल थर्मामीटर घेतलं, सेन्सर फिल्टरच्या डब्यात आतल्या बाजूला चिकटवला आणि वायर खिडकीतून आत घेतली. मागच्या सीटवर माझी बारा वर्षांची भाची वही घेऊन बसली. बाहेर ३१ अंश. मोकळ्या रस्त्यावर एका वेगानं जाताना तिनं आकडा वाचला, "मावशी, बासष्ट!" मला वाटलं चुकून वाचला असेल. पुन्हा विचारलं. बासष्टच. गर्दीत रांगत जाताना तो ६८ वर गेला.

आता या आकड्याचा अर्थ काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सिलिंडर हवेचं आकारमान मोजतो, वजन नाही. पिस्टन खाली येतो तेव्हा ठरावीक घनफळाची जागा तयार होते आणि ती जागा भरली की झालं. पण पेट्रोल जळतं ते वजनाच्या हिशेबानं: एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा. हवा तापली की विरळ होते, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी ग्रॅम मावतात. निरपेक्ष तापमानाचा हिशेब मांडला तर ३१ अंशांची हवा ३०४ केल्विनवर असते आणि ६२ अंशांची ३३५ केल्विनवर. ३०४ भागिले ३३५ केलं की ०.९१ येतं. दर श्वासात नऊ टक्के हवा कमी. चढावर धाप लागणाऱ्या गाडीच्या नाकाला मी गरम पाण्याचा वाफारा लावून ठेवला होता.

दुसरं काम फुकटातलं निघालं. सोंड पुसताना तेलकट काजळीखाली दोन खुणा सापडल्या, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. वरची चक्री सैल करून पूर्ण डबा फिरवता येत होता. हिवाळ्यात सोंड मॅनिफोल्डकडे करायची, उन्हाळ्यात उलट दिशेला. कुणी कधी फिरवला होता देव जाणे, पण तो हिवाळ्यावरच अडकलेला होता. फिरवला आणि आकडा ६२ वरून ५१ वर आला. हिवाळ्याची खूण कशासाठी असेल, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. ५१ अजून खूप होते आणि डोळ्यांपुढे फक्त ते होते.

मग मी तीच चूक केली जी या वाटेला लागलेली बहुतेक माणसं करतात. प्लंबिंगचा पीव्हीसीचा पाइप आणला, दोन काटकोनी एल्बो लावले आणि एक टोक पुढे जाळीच्या दिशेला नेऊन सोडलं. दिसायला फार छान दिसत होतं. थर्मामीटरनं सांगितलं ४९. दोन अंशांचा फरक. कारण शोधायला टॉर्च घेऊन वाकले तेव्हा कळलं की पाइपचं तोंड जाळीमागे होतं खरं, पण रेडिएटरच्याही मागे होतं. रेडिएटरमधून आरपार आलेली हवा म्हणजे तापलेलीच हवा. आणि आठवड्याभरात मॅनिफोल्डजवळचा एल्बो मऊ होऊन एका बाजूनं बसला. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास आपला ताठरपणा सोडतं आणि मॅनिफोल्डचा पृष्ठभाग तर कित्येक शे अंशांवर असतो. तो वितळून कार्बोरेटरच्या तोंडाशी आला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून अंगावर येतो.

शेजारी एक काका राहतात. आयुष्यभर त्यांनी मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाचे डक्ट बनवले. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा. गाड्यांचं त्यांना काही वेड नाही. माझा तो वाकडा पाइप हातात घेऊन त्यांनी आरपार बघितलं आणि म्हणाले, "सोनारानं नळी फुंकली, इकडून तिकडे गेलं वारं. अगं, वाऱ्याला पण वळायला जागा लागते. आणि तोंड असं करवतीनं कापून ठेवलंयस, आत कसा शिरेल तो?"

त्या दिवसापासून कामाची दिशा बदलली. मी पाइप किती जाड हवा याचा विचार करत होते. काकांनी आधी तोंडाचा विचार करायला लावला. मोकळ्या हवेत नुसती कापलेली नळी धरली की तिच्या धारदार कडेवरून हवा वळू शकत नाही. ती कडेपासून सुटते, आत भोवरे तयार होतात आणि नळीची खरी वापरात येणारी रुंदी कमी होते. अशा तोंडाशी वाहत्या हवेच्या गतिज दाबाइतका दाब जवळजवळ पूर्ण वाया जातो. तेच तोंड सनईच्या पवल्यासारखं बाहेर उमलतं केलं तर ते नुकसान विसाव्या हिश्श्याच्या आसपास उरतं. शर्यतीच्या गाड्यांच्या कार्बोरेटरवर कर्ण्यासारखी नळकांडी दिसतात, त्यांचं एक काम हेच.

किती हवा लागते ते काढणं सोपं आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपलं सगळं घनफळ ओढतं. दीड लिटर, मिनिटाला ५००० फेरे, म्हणजे ३७५० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून ऐंशी टक्के धरले तर ३००० लिटर, सेकंदाला ५० लिटर. ही हवा ५० मिलिमीटरच्या नळीतून न्यायची तर तिला सेकंदाला पंचवीस मीटरनं पळावं लागतं. ७५ मिलिमीटरच्या नळीतून अकरा मीटर पुरतात. वेग निम्म्याहून कमी झाला की नुकसान चौथ्या हिश्श्याहून कमी होतं, कारण ते वेगाच्या वर्गावर चालतं. मला जागा होती, म्हणून ७५ घेतला. त्याहून मोठा घेऊन काही हाती लागलं नसतं, बॅटरी मात्र हलवावी लागली असती.

सगळ्यात आधी पुठ्ठा. चार संध्याकाळी आम्ही फक्त पुठ्ठा आणि चिकटपट्टी घेऊन बॉनेटखाली वाकलो होतो. बॉनेट बंद केल्यावर वर किती जागा उरते हे बघायला मातीचे गोळे ठेवून बॉनेट दाबायचं आणि चपटा झालेला गोळा मोजायचा, ही युक्ती काकांची. मग ॲल्युमिनियमचा पत्रा. उमलतं तोंड करायला त्यांनी लाकडाचा गोल साचा घासून दिला, पण पत्रा ठोकायला लागलं की कडक होऊन चिरायचा. तेव्हा त्यांनी मला पत्रा मऊ करायला शिकवलं. कपडे धुण्याच्या साबणाची एक रेघ पत्र्यावर ओढायची आणि मागून बर्नरची आंच फिरवत राहायची. रेघ तपकिरी होऊन काळी पडली की थांबायचं. ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, एकदम ढासळतं, म्हणून ही साबणाची रेघच आपलं थर्मामीटर. गार झालेला पत्रा हातात घेतला तर जाड कागदासारखा वाकत होता. साच्यावर लाकडी हातोडीनं हलक्या हातानं ठोकत कडा बाहेर वळवताना जो आवाज येतो, तो बोथट असतो तोपर्यंत पत्रा ऐकतोय. टणटण वाजायला लागला की पुन्हा साबण, पुन्हा आंच. माझ्या पहिल्या तोंडाला तीन चिरा पडल्या. दुसरं जमलं. ते तोंड मी दोन दिवस घरात टेबलावर ठेवलं होतं, येता जाता हात फिरवायला.

धातूची नळी तापेल, मग उपयोग काय, असं अनेकजण विचारतात. मलाही तीच शंका होती. पण हिशेब करा: ऐंशी सेंटिमीटरची नळी, हवेचा वेग सेकंदाला अकरा मीटर. हवा नळीत सेकंदाचा चौदावा भाग राहते. तेवढ्या वेळात ती फारशी तापत नाही. गाडी उभी असताना, आयडलिंगला, हीच हवा दीड-दोन सेकंद नळीत रेंगाळते आणि तापते, पण तेव्हा आपल्याला ताकद नकोच असते. मॅनिफोल्डच्या बाजूनं मात्र मी पत्र्याची एक आडभिंत उभी केली, मध्ये बोटभर मोकळी जागा सोडून. नळीला कापड गुंडाळण्यापेक्षा ती भिंत जास्त उपयोगी पडली. नळी आणि फिल्टरचा डबा यांच्यामध्ये रबरी होजचा तुकडा हवाच. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर डुलतं, बॉडी डुलत नाही, आणि दोघांना कडक नळीनं बांधलं तर कुणीतरी तुटणार.

डबाही नवा केला, पण कागदी फिल्टर जुनाच ठेवला. बाजारात मिळणारे उघडे शंकूच्या आकाराचे फिल्टर मला पटले नाहीत. ते बॉनेटखाली उघड्यावर बसवले तर तीच तापलेली हवा ओढतात, फक्त जास्त आवाज करून. आणि धूळ थोपवणं हे फिल्टरचं पहिलं काम आहे. सिलिंडरच्या भिंतीवर ओढल्या गेलेल्या बारीक चऱ्यांची भरपाई कुठल्याही गार हवेनं होत नाही. क्रँककेसच्या ब्रीदरची नळी, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी नळी, पूर्वीसारखीच डब्याला जोडली, फिल्टरच्या स्वच्छ बाजूला.

तोंड कुठे ठेवायचं यावर मात्र मी बरेच दिवस अडले. खाली बंपरमागे हवा सगळ्यात गार असते, पण तिथे पाणीही असतं. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि इंजिनानं पाणी ओढलं तर पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गार हवेसाठी हा जुगार खेळायचा नाही, हे मी ठरवलं होतं. शेवटी रेडिएटरच्या बाजूला, हेडलाइटच्या मागच्या पोकळीत, जाळीतून थेट बाहेरची हवा येते अशी उंचावरची जागा सापडली. मधल्या पडद्याला आधीच एक गोल भोक होतं, बहुधा दुसऱ्या कुठल्या मॉडेलच्या हीटरसाठी ठेवलेलं. बॉडीला एकही नवं छिद्र पाडावं लागलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. नळीच्या सर्वांत खालच्या जागी पाच मिलिमीटरचं एक भोक ठेवलंय, पावसाचं पाणी गळून जायला.

हेडलाइटवरून आठवलं. १९६४ साली फोर्डनं ड्रॅग शर्यतींसाठी फेअरलेन थंडरबोल्ट नावाची गाडी काढली. तिला चार हेडलाइटची जागा होती, त्यातले आतले दोन दिवे काढून तिथे जाळ्या बसवल्या आणि त्या भोकांतून जाड नळ्या थेट कार्बोरेटरपर्यंत नेल्या. दिव्यांच्या खोबणीतून श्वास घेणारी गाडी! त्यांचा फायदा गार हवेचा होता. वेगामुळे हवा आत 'कोंबली' जाते असं पुष्कळदा सांगतात, पण ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा दाब जेमतेम ४६० पास्कल वाढतो. वातावरणाचा दाब लाखभर पास्कल आहे. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही.

अशाच लहान दाबांसाठी मी पारदर्शक नळीचा एक यू केला, त्यात शाईचं पाणी भरलं आणि एक टोक फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जोडलं, दुसरं गाडीच्या आत मोकळं ठेवलं. पाण्याची पातळी दहा मिलिमीटर सरकली की साधारण शंभर पास्कल. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटर पार खाली दाबून, जुन्या डब्यानं १३० मिलिमीटर दाखवले होते, नव्यानं ५५. काचा दोन्ही वेळा सारख्याच उघड्या ठेवल्या होत्या, कारण गाडीच्या आतला दाबही काचांप्रमाणे बदलतो. आणि तापमान? बाहेर ३१, डब्यात ३४. भाचीनं वहीत त्या आकड्याभोवती दोनदा गोल काढला.

इथे थांबले असते तर इंजिनाचं नुकसान केलं असतं. कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही. त्याला फक्त गळ्यातून जाणाऱ्या हवेनं तयार केलेली ओढ कळते, आणि हवा दाट झाली की पेट्रोल त्याच प्रमाणात वाढत नाही, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. नऊ टक्के दाट हवेला पेट्रोल साडेचार टक्केच जास्त मिळतं. मिश्रण तेवढं पातळ होतं, आणि पातळ मिश्रण चढावर पिस्टन तापवतं. माझा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) १२० चा होता, म्हणजे भोक १.२० मिलिमीटर. १२५ लावून बघितला, प्लग काजळीनं काळे आले. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर त्यात नवल नव्हतं, कारण १२० वरून १२५ म्हणजे साडेआठ टक्क्यांची उडी. १२२ नं सुमारे ३.४ टक्के वाढ दिली आणि प्लग फिक्या बदामी रंगावर स्थिरावले. अजून एक गोष्ट तपासली, जी कुणी सहसा सांगत नाही: फ्लोट चेंबरचा, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीचा, हवेचा मार्ग कुठे उघडतो. माझ्या कार्बोरेटरमध्ये तो फिल्टरखालच्या तोंडातच उघडतो, म्हणून दोन्हीकडचा दाब बरोबर बदलतो. तो बाहेर उघडत असता, तर फिल्टरच्या अडथळ्यात केलेला प्रत्येक बदल मिश्रणात उतरला असता.

फरक किती पडला? खरं सांगायचं तर थोडा. इंजिनाच्या चाचण्यांमध्ये तापमानासाठी जी दुरुस्ती धरतात, तिच्यातही निरपेक्ष तापमानाचं वर्गमूळ येतं. त्या हिशेबानं ६२ वरून ३४ अंशांवर आल्यावर साडेचार टक्के ताकद. टॉप गिअरमध्ये ताशी ५० वरून ८० ला जायला, एकाच रस्त्यावर जाता-येता मोजून, सरासरी १३.८ सेकंद लागायचे. आता १२.९ लागतात. पण चढावर, रांगत आल्यावर लगेच जोर लावायचा असतो तेव्हा, फरक आकड्यापेक्षा मोठा वाटतो. धाप गेली आहे. आवाज खोल झाला आहे, कारण जुनी सोंड आणि डबा मिळून इंजिनाच्या श्वासाचा आवाज गिळत होते हे ती काढल्यावर कळलं.

जुन्या डब्यानं आणखी काय सांभाळलं होतं, ते पुढच्या हिवाळ्यात समजलं. सकाळ होती, बाहेर सात अंश, दाट धुकं. घरून निघून दहा मिनिटं झाली आणि गाडी अडखळायला लागली. पाय सोडला की बंद पडायची. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर कार्बोरेटरच्या बाहेरच्या अंगावर पांढरं दहिवर धरलेलं. चालत्या इंजिनावर! पेट्रोलची वाफ होताना ती हवेतलीच उष्णता घेते, आणि सगळं पेट्रोल वाफ झालं तर हवा वीस अंशांहून जास्त गार होऊ शकते. सात अंशांच्या ओल्या हवेला मी थेट कार्बोरेटरच्या गळ्यात सोडलं होतं. आत, हवेची वाट उघडमिट करणाऱ्या थ्रॉटलच्या पाकळीभोवती बर्फ साचत होता. पाच मिनिटं उभी राहिले, इंजिनाच्या उरलेल्या ऊबेनं बर्फ वितळला, आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली.

रस्त्याच्या कडेला धुक्यात उभी असताना मला ती काजळीखालची हिवाळ्याची खूण आठवली. ज्यांनी ती सोंड मॅनिफोल्डकडे वळवायची सोय केली होती त्यांना ही सकाळ माहीत होती. साठच्या दशकाच्या अखेरीपासून तर अनेक गाड्यांमध्ये हे काम आपोआप होऊ लागलं. मॅनिफोल्डभोवती पत्र्याचं आवरण, त्यातून गरम हवेची नळी, आणि डब्यातल्या तापमानाप्रमाणे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडमिट करणारी झडप. मी ज्याला चुकीची जागा समजत होते, ती वर्षातल्या काही महिन्यांसाठी अगदी बरोबर जागा होती.

काकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग झडप कुठे बसवायची?"

नव्या डब्याच्या बुडाला दुसरं तोंड काढलं, तिथून मॅनिफोल्डच्या आडभिंतीमागे उष्णता सोसणारी लवचिक नळी नेली, आणि आत पत्र्याची एक झडप ठेवली, एका तोंडावर पडली की दुसरं उघडणारी. जुन्या चोकची केबल पडून होती, तीच ओढून डॅशबोर्डखाली बटण आणलं. जुना काळा डबा सोंडेसकट पुसून, तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून फळीवर ठेवला आहे. त्याच्या सगळ्या चक्र्या आणि गॅस्केट त्याच्यातच आहेत. अर्ध्या तासात तो पुन्हा बसवता येईल.

पहिल्या थंड सकाळी भाची बरोबर होती. आता ती पुढच्या सीटवर बसते. तिनं चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांवर 'गार' आणि 'ऊबदार' असं लिहून बटणाच्या खाली-वर लावलं होतं. वही मांडीवर, थर्मामीटर हातात.

"मावशी, अकरा आहे. ओढू?"

"ओढ."

तिनं बटण ओढलं. बॉनेटखाली झडप पडल्याचा बारीक आवाज आला आणि ती आकडे मोठ्यानं वाचायला लागली. चौदा, अठरा, तेवीस.